मिशीपुरतं दूध

आमच्या दूधकट्ट्यावर एक सायकल मिस्त्री रोज संध्याकाळी यायचा. समोर म्हशीची धार काढून घ्यायची आणि फेसाळता ग्लास एका दमात रिकामा करायचा, ही त्याची ख्याती. मग त्याला कावीळ झाली. बरीही झाली, पण त्यानंतर दूध काही पोटात ठरेना. तरी गडी यायचा थांबला नाही. ग्लास तोंडाला लावून मिशीला फेस माखायचा आणि कुणाचं लक्ष नाही बघून सोबत असलेल्या माझ्या हातात सरकवायचा.

"पी गप. कुटं बोललास तर बघ!"

मग मिशी न पुसता गल्लीभर हिंडायचा. इकडं मला माझे शर्ट होईनात.

एकदा गवळ्यानं माझ्याकडं बोट करून विचारलंच, "मिस्त्री, दूध तुमी पिताय आन् अंगाला ह्येच्या कसं लागतंय?"

फेसाळ मिशीला पीळ देत तो म्हणाला, "ऱ्हातोय कुणाच्या संगतीत, बघ की!"