भन्तेजींची मुदतवाढ

मला राग लवकर येतो. आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणाचंही सरकारी काम अडलं की लोक माझ्याच दारात यायचे. कारण सोपं होतं. अख्ख्या कॉलनीत टाइपरायटर फक्त माझ्याकडे होता. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि तिथलं एक जुनं मशिन लिलावात निघालं तेव्हा मी ते उचललं होतं. त्याचं 'भ' हे अक्षर ओळीच्या वर उडायचं. बाकी मशिन फक्कड होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकातली आमची बौद्ध वस्ती चाळीसएक घरांची: कारकून, शिक्षक, कारखान्यातले कामगार, मार्केट यार्डातले दोन हमाल. वस्तीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर पत्रे टाकून आम्ही विहार उभा केला होता. त्या वर्षी उन्हाळा संपता संपता थायलंडचे एक भिक्खू पर्यटक म्हणून नाशिकला आले. पांडवलेणी बघायला आले, दोन दिवस तिथंच बसून राहिले, आणि आमच्यातल्या कुणीतरी त्यांना जेवायला म्हणून वस्तीत आणलं. पस्तिशीचे असतील. हिंदी मोडकंतोडकं, हसणं मात्र अस्सल. आम्ही त्यांना भन्तेजी म्हणायचो. त्यांनी पोरांना पाली शिकवायला सुरुवात केली. वस्तीतल्या दोन दारुड्यांना ते एका शब्दानं बोलले नाहीत, रोज संध्याकाळी नुसते त्यांच्याशेजारी जाऊन बसले. महिन्याभरात दोघांनी सोडली. मी स्वतः बघितलंय, ऐकीव सांगत नाही.

आषाढी पौर्णिमेला वस्तीनं त्यांना वर्षावासाचं आमंत्रण दिलं. वर्षावास म्हणजे भिक्खूनं आश्विन पौर्णिमेपर्यंत एकाच जागी राहायचं, तीन महिने मुक्काम हलवायचा नाही. आमच्या पत्र्याच्या विहारात तोवर कुणीच वर्षावास केला नव्हता. भन्तेजी 'हो' म्हणाले आणि बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझी आई तर हुंदके द्यायला लागली. ती दवाखान्यात आया होती, आयुष्यभर दुसऱ्यांची कापडं धुतलेली बाई. तिनं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, "वर्षावास सरला की चीवरदान ऱ्हातं ना? भन्तेजींच्या हातावर चीवर मी ठिवनार. लय दिसांची इच्छा हाय माझी." चीवर म्हणजे भिक्खूंचं वस्त्र. दुसऱ्याच दिवशी तिनं घोटीला भावाकडे निरोप धाडला, खिरीसाठी चांगला तांदूळ राखून ठेव म्हणून.

सगळ्यांनी पौर्णिमा मोजल्या. पासपोर्ट कुणी बघितला नाही. श्रावणात एकदा मी सहज म्हणून तो उघडला. व्हिसा तीन महिन्यांचा, भाद्रपदातच संपत होता. वर्षावास अर्धाच झालेला असणार, आणि भन्तेजींना जागा सोडता येणार नाही.

"भन्तेजी, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मालूम था," ते शांतपणे म्हणाले. "लेकिन आप लोगों ने बुलाया."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत परदेशी लोकांची नोंद जिथं व्हायची तिथं जाऊन उभी राहिले. तिथले साहेब वयस्कर होते, आवाज खालचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला वाटलं होतं आता हे हेलपाटे घालायला लावतील, म्हणून मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. पण त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि नियम सांगितला.

"मुदतवाढ मिळते, बाई. पण अर्ज मुदत संपायच्या आत आला पाहिजे. एक दिवस जरी वर राहिले तर गुन्हा. दंड तर होईलच, शिवाय पुढं त्यांना या देशाचा व्हिसा कोण देणार? आणि ज्यांनी ठेवून घेतलं तेही अडकणार. अर्ज आणा, कारण लिहा आणि ते कुठं राहतात त्याचा पुरावा जोडा."

अर्ज झाला, कारण झालं. पुराव्यापाशी घोडं अडलं. विहाराला घर नंबरच नव्हता. लाइट शेजारच्या घरातून घेतलेली, घरपट्टी नाही, कागदावर तो विहार नव्हताच. मी वस्तीत म्हटलं, राहण्याचं पत्र द्यायला कुणाचं तरी घर लागेल. झालं! त्या आठवड्यात सात घरची माणसं एकेक करून, एकमेकांना न सांगता माझ्याकडे आली. भन्तेजी आमच्याकडे राहतात असं लिहून दे. प्रत्येकाचं म्हणणं एकच, ते काही खोटं नाही, जेवायला येतातच की. यार्डातले हमाल काका तर हात जोडून म्हणाले, "ताई, माझ्या घराचं नाव कागदावर येऊ दे. लय पुण्य हाय त्यात." आणि मी दीडशहाणी! एकापेक्षा सात पत्रं बरी, वजन पडेल, असं म्हणून सातही टाइप केली आणि अर्जाला जोडली.

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. त्यांनी टेबलावर सातही पत्रं ओळीनं मांडून ठेवली होती.

"एक माणूस सात घरांत कसा राहतो, बाई?"

त्यांनी चष्मा वर सरकवला.

"आणि सातही पत्रांतला 'भ' वर उडालेला. कुणी टाइप केलीत?"

भन्ते, भिक्खू, भोजन, सगळीकडे तो मेला 'भ' उड्या मारत होता. मी म्हटलं, "मीच केली, साहेब. चूक माझी. त्यांना यातलं काहीही माहीत नाही."

"मी हे वर पाठवलं तर त्यांच्यावर संशय येईल, तुमच्यावर नाही. मुदत संपायला पाच दिवस आहेत. एक पत्ता आणा. खरा."

त्या दिवशी मी कुणावर चिडले असेन तर स्वतःवर. एवढं शिकून, दहा वर्षं सरकारी कागद बडवून मी असला गाढवपणा करावा? पण डोळ्यांत पाणी आणून विहार थोडाच कागदावर चढणार होता! मी नगरपालिकेत गेले. तिथं म्हणाले, घर नंबर मिळेल, पण मोजणी होऊन यायला काही महिने लागतील. मी घरी आले, पदर खोचला आणि विचार करत बसले. सरकारला नंबर पाहिजे, बरोबर. पण त्या पत्त्यावर माणूस सापडतो हे आजवर कुणाला माहीत होतं? आणि एकदम आठवलं. पोस्टमनला!

भन्तेजींच्या आईची पत्रं यायची. पाकिटावर इंग्रजीत नुसतं विहाराचं नाव, आमच्या कॉलनीचं नाव आणि नाशिक. पोस्टमन ती बिनचूक विहारात आणून द्यायचा. नाशिकच्या पोस्टाचा शिक्का, तारीख, सगळं त्या पाकिटावर असणार. मी धावत विहारात गेले. भन्तेजी म्हणाले, पाकिटं त्यांच्याकडे नाहीत. कागद वाया जाऊ नये म्हणून पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते सुंदर अक्षरात वंदना लिहून, ज्या घरी जेवायला जात तिथं देऊन टाकायचे.

म्हणजे पाकिटं त्याच सात घरांत! मी घरोघर सुटले. आणि काय सांगू, लोकांनी भक्तिभावानं ती भिंतींना चिकटवलेली. कणकेच्या खळीनं! वंदना वर, पत्ता भिंतीला. मी ओलं फडकं घेऊन खरवडायला बसले तर एका घरच्या मावशी ओरडायला लागल्या, "अगं, भन्तेजींच्या हातचं हाय ते!" मी म्हटलं, "मावशी, हातचं जपायचं की हात जपायचा?" दोन पाकिटांचा लगदा झाला. दोन भिंतींना मी हातच लावला नाही, गिलाव्यासकट निघाली असती. तीन मात्र हाती आली. एक हमाल काकांकडची, त्यांनी खळ लावली नव्हती, काचेच्या फ्रेममध्ये ठेवली होती. फ्रेम त्यांनी स्वतः उघडली आणि पाकीट माझ्या हातात देताना म्हणाले, "माझं पत्र फाडून टाक, ताई. आमच्या घरात ऱ्हात नायत ते. आमी खोटं लिवलं."

मी सातही घरांकडून तसं लिहून घेतलं. तीन पाकिटं आणि पोस्टमनचं चार ओळींचं पत्र घेऊन साहेबांपुढं गेले. साहेबांनी ते सगळं दोनदा वाचलं. मग सायकलवर टांग मारून स्वतः विहार बघायला आले. भन्तेजींची चटई, भिक्षापात्र, दोरीवर वाळणारं दुसरं चीवर, सगळं बघितलं. मुदतवाढ मिळाली, पण जेवढी लागते तेवढीच: आश्विन पौर्णिमा मंगळवारी, मुदत शुक्रवारपर्यंत. आणि एक हमीपत्र. शुक्रवार उलटायच्या आत हे गृहस्थ देश सोडतील, याला जबाबदार खाली सही करणार. सही मी केली.

खरी परीक्षा तिथून पुढं होती. आश्विन जवळ आला तशी वस्तीची बैठक बसली आणि ठरलं काय, तर चीवरदान रविवारी. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, घोटीचे मामा, लासलगावचे लोक, सगळे येणार. मी उभी राहिले आणि म्हटलं, "शुक्रवारी त्यांचं विमान आहे. चीवरदान बुधवारी होईल."

गलका उडाला. दोन दिवसांनी काय बिघडतंय? कोण बघायला येतंय? एवढी मुदत वाढवून आणलीस, मग आणखी दोन दिवस तुला जड झाले? मी सांगून सांगून थकले की एक दिवस वर गेला तर हे पुन्हा कधी येऊ शकणार नाहीत. शेवटी ओरडलेच, "माझ्या जिवात जीव आहे तोवर रविवार होणार नाही!" भन्तेजी खाली मान घालून बसले होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "बहन ठीक कहती है."

आईला बुधवारी दिवसपाळी होती. तिनं रजा मागितली, मिळाली नाही, दोन आया आजारी होत्या. ड्युटीच्या आधी पहाटे उरकावं म्हटलं, तर दानाला लागणारे बाकीचे भिक्खू मुंबईहून यायचे होते, ते दहाच्या आत पोचणार नव्हते आणि दुपारच्याच गाडीनं परतणार होते. बुधवारी सकाळी आईनं घोटीच्या तांदळाची खीर केली, चीवराची घडी माझ्या हातात ठेवली आणि कामावर गेली. निम्मी वस्ती कामावर होती. भन्तेजींच्या हातावर चीवर मी ठेवलं, आईच्या वतीनं. गुरुवारी त्यांना मुंबईच्या गाडीत बसवलं आणि शनिवारी पोलीस कचेरीत जाऊन, ते गेले, असं लिहून दिलं. साहेब म्हणाले, "छान झालं, बाई." मला तिथंच रडू फुटलं.

आई माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. ताट वाढायची, पण बोलायची नाही. मी कारणं सांगायचं सोडून दिलं. रोज दुपारच्या सुट्टीत नगरपालिकेत मात्र जायचे. संक्रांतीच्या सुमारास विहाराला नंबर मिळाला. त्याच दिवशी मी भन्तेजींना पत्र घातलं: पर्यटक म्हणून येऊ नका, लांब मुदतीचा व्हिसा मागा, आणि आश्विन पौर्णिमेपुढचे दिवसही मोजा.

पुढच्या वर्षी आषाढात ते आले. पायांतल्या चपला काढल्या आणि आधी आमच्या दारात आले. पासपोर्ट काढून त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवला. आईला वाचता येत नव्हतं. ती मला म्हणाली, "तारीख कुठं हाय, दाव." मी बोट ठेवलं आणि तारीख वाचून सांगितली. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, सुईणीनं महिने मोजावेत तसे बोटांच्या पेरांवर आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन मोजले, मग पौर्णिमेच्या पुढं एका लाल आकड्यावर बोट नेऊन थांबली.

"पुरतंय," ती म्हणाली. "ऐतवारासकट पुरतंय, पोरी."