गोळ्यांच्या पाकिटावरची बाई

साल दोन हजार बावीस. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो. निदान आधार कार्डावर तसं आहे, खरं काय ते आईला माहीत असेल. मला शाळा चौथीपर्यंत. मोठं अक्षर वाचतो, बारीक आलं की सोडून देतो. जन्मभर विहिरी बांधल्या. कोपरगावच्या आसपास मी बांधलेली एकही विहीर ढासळलेली नाही, कुणालाही विचारा. त्यामुळे घरात माझा शब्द शेवटचा, ही सवय सगळ्यांना होती आणि माझ्याही अंगात मुरलेली होती.

मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पोर नव्हतं. मला दुसरं काही मागायचं राहिलं नव्हतं. तेवढं एक होतं. सून सत्तावीस वर्षांची, माहेर शेवगावकडचं, बारावी शिकलेली. शिर्डीत एका लॉजच्या काउंटरवर ती कामाला होती. मुलगा टेम्पो चालवायचा. दोघं सकाळी बरोबरच निघायची.

लग्नात तिचं तोंड स्वच्छ होतं. दुसऱ्या वर्षी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं पुटकुळ्या उठायला लागल्या. पोरींना सोळाव्या वर्षी येतात तशा नाहीत. ह्या मोठ्या, आत गाठ धरणाऱ्या, ठणकणाऱ्या. एक बसली की दुसरी वर यायची आणि मागं काळा डाग ठेवून जायची. मी म्हणालो, "ह्या वयात कुठं पिंपल असत्यात व्हय? पोटात उष्णता आसंल."

माझ्या बायकोनं आधी कडुलिंबाचा पाला वाटून लावला, मग मुलतानी माती, मग लिंबू. लिंबानं कातडी सोलली. मग आमच्या फाट्यावरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय एक ट्यूब दिली. आठ दिवसांत तोंड असं उजळलं की बायको म्हणाली, "बघा, उगाच डॉक्टरच्या दारात उभं ऱ्हायचं." सूनही खूश. सहा-सात महिने ती ट्यूब रोज लागली. लावायची थांबवली की तोंडाला मिरची लावल्यासारखी आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. गालाची कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली, आतल्या लाल शिरा दिसायला लागल्या, कानशिलापाशी बारीक लव उगवली. आणि पुटकुळ्या दुप्पट.

लॉजच्या मालकानं तिला काउंटरवरून उठवलं आणि आत चादरी-टॉवेलच्या खोलीत बसवलं. गिऱ्हाईक तोंडाकडे बघतं म्हणाला. हे तिनं घरी सांगितलं नाही, मुलानं सांगितलं. ती आली, ओटा धुतला, भाकरी टाकल्या आणि भिंतीकडे तोंड करून जेवली.

मग मुलगा तिला नगरला कातडीच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. बाई कडक होत्या. पहिली ती ट्यूब बंद केली. त्यात स्टिरॉइड होतं म्हणाल्या. ते सोडताना दोन महिने तोंड आणखी बिघडलं, ते बघवत नव्हतं. रात्री लावायचं एक मलम दिलं, त्यानं कातडीचे पापुद्रे निघायचे. सकाळचं एक पांढरं मलम होतं, त्यानं उशीच्या अभ्र्याचा रंग उडाला, माझ्या नव्या पंच्यालासुद्धा पांढरे डाग पडले. मी तिच्यावर ओरडलो, ब्लिचिंग पावडरीत धुतलास काय म्हणून. ती म्हणाली, "मामा, तोंड पुसलं हुतं त्याला. चुकलं." मग तीन महिने गोळ्या. त्यांनी पोट बिघडायचं आणि उन्हात गेली की तोंड भाजून निघायचं. थोडा फरक पडला, गोळ्या थांबल्या की पहिले पाढे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सहा महिन्यांच्या कॅप्सूल सुरू केल्या. दर महिन्याला नगरला यायचं, रक्त द्यायचं, लघवी तपासायची, मगच पुढच्या महिन्याच्या कॅप्सूल. त्यांनी ती आतून सुकली. ओठ फुटायचे, भाकरीचा तुकडा तोडला की रक्त यायचं. नाकातून रक्त यायचं. सकाळी उठताना गुडघे धरून उठायची, माझ्यासारखी. पण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी हनुवटीवरच्या गाठी बसल्या. मालकानं तिला पुन्हा काउंटरवर बसवलं. त्या दिवशी ती येताना भेळ घेऊन आली होती आणि ओठाला झोंबते म्हणून स्वतः खाल्ली नाही, आम्हाला वाढली.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी माझी रक्तदाबाची गोळी शोधत होतो. फडताळातल्या डब्यात तिची दोन पाकिटं सापडली. एकात कॅप्सूल. दुसऱ्यात बारक्या गोळ्यांची पट्टी, ओळीनं लावलेल्या, आणि एका गोळीकडून दुसरीकडे बाण काढलेले. ती पट्टी मी ओळखली. आमच्या गावातल्या आशाताई बायकांना वाटायच्या त्यातलीच जात. पाळणा लांबवायच्या गोळ्या. माझ्या लेकीच्या घरी मी ती पाहिली होती.

कॅप्सूलच्या पाकिटावर एक चित्र होतं. पोट पुढं आलेली बाई, भोवती गोल, आणि अंगावरून एक लाल रेघ. मी चष्मा लावून नीट बघितलं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर अशी बाई असते, लोहाच्या गोळ्या घ्या सांगणारी. लाल रेघ तर हल्ली डॉक्टरच्या चिठ्ठीच्या पुष्कळ औषधांवर असते, माझ्याही गोळ्यांवर होती. मी मनाशी हिशेब लावला. ही पोटुशा बाईची गोळी, चांगली. ती बाणांची, वाईट. एवढी वर्षं मी वाट बघत होतो आणि ही घरात बसून पाळणा लांबवत होती.

संध्याकाळी दोघं आल्यावर मी पट्टी मधे ठेवली.

"ह्या कशाच्या?"

सून पदर सावरत म्हणाली, "तोंडाच्या हायत, मामा."

"तोंडाच्या ह्या कॅप्सूल. ह्या कशाच्या?"

"दोन्ही तोंडाच्याच. डॉक्टरबाईंनी दिल्यात."

"मी अडाणी हाय, आंधळा न्हाई."

मुलगा म्हणाला, "आबा, त्या बरोबर घ्याव्या लागत्यात. तसं सांगितलंय त्यांनी."

"का घ्याव्या लागत्यात ते सांग की मग."

तो टेम्पोची किल्ली बोटात फिरवत राहिला. ती खाली बघत होती. आज मला कळतं की सासऱ्यासमोर ती काय बोलणार होती. तिनं सासूला तरी सांगायला हवं होतं असं मी पुष्कळ दिवस म्हणत राहिलो. नंतर बायकोनं सांगितलं, सुनेनं तिला सांगितलं होतं. बायकोची मला सांगायची हिंमत झाली नव्हती.

मी म्हणालो, "कॅप्सूल चालू ठेव, तोंड सुधारतंय. ही पट्टी आजपासून बंद. देवासमोर हात ठेवून सांग."

तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग ती देव्हाऱ्यापाशी गेली आणि हात ठेवला. पट्टी मी चुलीत टाकली. प्लास्टिकचा घाण वास घरभर झाला.

तिनं कॅप्सूल का बंद केल्या नाहीत, हे मी नंतर विचारलं होतं. ती म्हणाली, "परत चादरीच्या खोलीत जायाचं न्हवतं मला." नगरच्या डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, दुसऱ्या गोळ्या चालू आहेत ना. ती हो म्हणायची. सासऱ्यानं जाळल्या हे कसं सांगणार. आम्ही सांभाळून राहू असं दोघांनी ठरवलं होतं.

दोन महिन्यांनी नगरला तपासणीत दिवस गेलेले निघाले.

मुलानं फोन केला तेव्हा मी ओट्यावर होतो. त्यानं एवढंच सांगितलं, "आबा, दिवस गेलेत, पण..." पुढचं मी ऐकलंच नाही. फोन बायकोच्या हातात दिला आणि फाट्यावर जाऊन पेढे आणले. भेटेल त्याला दिले. परत आलो तर बायको उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, "पेढे ठेवा. डॉक्टरीण सगळ्यांना उद्या बोलावती."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम धुतलेला सदरा घालून गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याशी नीट बोलल्या, मलाच राग आलेला होता. म्हणाल्या, "बाबा, ह्या कॅप्सूलवर असताना राहिलेल्या पोराला व्यंग होऊ शकतं. मेंदू, हृदय, कान, चेहरा. म्हणून तर दुसऱ्या गोळ्या दिल्या होत्या. कॅप्सूल संपल्यावरही महिनाभर थांबायचं होतं."

"व्हईलच असं हाय का?"

"होईलच असं नाही. पण धोका लहान नाही. आणि सोनोग्राफीत सगळंच दिसतं असंही नाही."

मी म्हणालो, "मग पाकिटावर लिवायला काय झालं हुतं?"

त्यांनी टेबलावरचं पाकीट माझ्यापुढं सरकवलं. "लिहिलंय. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रपण काढलंय. काय आहे चित्रात?"

"पोटुशी बाई."

"आणि तिच्यावरून ही काय?"

मी बघत राहिलो. रेघ. फुली मारतात तशी रेघ. विहिरीच्या धोंड्यांवर मी स्वतः कोळशानं अशीच रेघ मारायचो, हा धोंडा घ्यायचा नाही म्हणून. माझ्या हाताखालच्या बिगाऱ्यांना ती कळायची. सुनेनं माझ्याकडे बघितलं नाही. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

तिथून बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनीही तेच समजावलं आणि म्हणाले, ठेवायचं की नाही हे तिनं ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. मी तोंड उघडणार होतो. मुलगा म्हणाला, "आबा, तुमी बाहेर बसा." जन्मात पहिल्यांदा त्यानं मला असं सांगितलं. मी बाहेर बाकावर बसलो. समोर पोटुशा बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर फाइल.

तिनं चार दिवस घेतले. चार दिवस ती कामावर गेली, आली, भाकरी टाकल्या. चौथ्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाली, "आत्या, त्या पोराकडं मला जन्मभर तसं बघता यायचं न्हाई. मीच गिळलंय ते." गर्भ काढायच्या कागदावर सही तिनं स्वतः केली.

नगरहून टेम्पोत परत आणलं तेव्हा ती पुढं बसली होती, पोटावर पिशवी धरून. तोंडावर एकही पुटकुळी नव्हती. कॅप्सूल तर दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी बंद झाल्या होत्या, तरी कातडी स्वच्छ होती. गावातली एक बाई ओट्यावरून म्हणालीसुद्धा, "तोंड चांगलं झालं गं तुझं." सून म्हणाली, "हं." आणि आत गेली.

संध्याकाळी शेवगावहून व्याह्यांचा फोन आला. त्यांना कुणीतरी अर्धंमुर्धं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, पोरीचं काय झालं? कुणी म्हणतंय तिनंच पाडलं."

तेव्हा मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आता काय बोलायचं. तुमच्या लेकीला तोंडाचा नाद. त्या औषधांनी गेलं."

 व्याही म्हणाले, "आमी समजावतो तिला. तुमी राग धरू नका." आणि फोन ठेवला. माझ्याकडे माफी मागितल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

मी मागं वळलो तर सून स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या. माझ्यासाठीच आणत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन आडवी झाली. बायको म्हणाली, "पट्टी चुलीत कुणी घातली ते न्हाई सांगितलं?"

"गप बस."

"मी गपच बसले ना. म्हणून तर हे झालं."

थोड्या वेळानं सुनेचा मोबाईल वाजला. आईचा फोन. आतून तिचा आवाज येत होता, हळू, "व्हय आई. व्हय. चुकलं माझं. व्हय." ती सहा-सात वेळा व्हय म्हणाली. एकदाही माझं नाव घेतलं नाही. मी ओट्यावर बसून सगळं ऐकलं. जेवायला हाक आली तेव्हा भूक नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी धरली, नेवाशाला गाडी बदलली आणि शेवगावला उतरलो. लग्नानंतर मी व्याह्यांच्या दारात बोलावल्याशिवाय कधी गेलो नव्हतो. मुलाच्या बापानं तसं जायचं नसतं, हे मला माझ्या बापानं शिकवलं होतं. विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी आणलं. व्याही म्हणाले, "आत या, बसा." मी बसलो नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून दोघांना सांगितलं, की पोरीला डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या मी चुलीत घातल्या, तिला देवापुढं हात ठेवायला लावला, आणि काल फोनवर खोटं बोललो. विहीणबाईंनी पाण्याची बादली उचलली आणि आत नेली. व्याही दारातच उभे राहिले. मी थांबलो नाही. स्टँडवर येऊन कोपरगावच्या गाडीची वाट बघत बसलो.