दोन जावांचे रिपोर्ट

इथले भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना वाचते आणि बहुतेकांवर हसते. बावीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे. जे मशीनमध्ये दिसत नाही ते नसतंच, असं माझं साधं मत. तरी आज लिहितेय, कारण डोकं फिरलंय… आणि ते भुतामुळे नाही, माणसांमुळे.

नवीन पनवेलमधलं एक खासगी हॉस्पिटल. लॅब तळमजल्यावर, आयसीयू तिसऱ्यावर. गणपतीनंतर फ्लूचे पेशंट वाढले, त्यात गव्हाणच्या दोन जावा एकाच दिवशी ॲडमिट झाल्या. थोरली हिरामावशी, साठीची, ऑक्सिजन मास्कवर. धाकटी सुगंधा, दोन शाळकरी मुलींची आई, थेट व्हेंटिलेटरवर. दोघींमध्ये फक्त पडदा.

अशा पेशंटची आमच्याकडे एक टेस्ट होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काही खुणा असतात, मार्कर म्हणतात त्यांना. मशीन त्या मोजतं. आकडा फार उतरला की शरीराने हात टेकले समजायचं, पेशंट तगणं कठीण. सुगंधाचा आकडा तसाच आला. मावशींचा छान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी स्वतः रक्त घ्यायला गेले. मावशींनी माझा हात धरला. डॉक्टर त्यांच्या दिराला, म्हणजे सुगंधाच्या नवऱ्याला, काय सांगत होते ते त्यांनी ऐकलं होतं.

“बाय, माजा कागद चांगला हाय ना? मंग तो तिला दे. तिच्या पोरी लहान हायत.”

पेशंटशी आम्ही वाद घालत नाही. काहीतरी बोलून मी सुई लावली. लेबल तिथेच बेडजवळ चिकटवलं, हातावरचा नावाचा पट्टा दोनदा वाचला. मग पडद्यापलीकडे जाऊन सुगंधाचं घेतलं.

अकराला रिपोर्ट आले… आकड्यांची अदलाबदल झालेली! अंदाजे नाही, तंतोतंत. मावशींचा कालचा आकडा आज सुगंधाचा, आणि सुगंधाचा मावशींचा. या लाइनमधलं कुणीही सांगेल, एकच ट्यूब दोनदा लावली तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतोच.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सरळ ठरवलं की मी ट्यूब बदलल्या. मी त्यांच्यासमोर त्याच ट्यूबमधल्या रक्ताचा ब्लड ग्रुप केला. मावशींचा ओ, सुगंधाचा बी, फाइलमध्ये होता तसाच. पुन्हा रक्त घेतलं, मॅडम स्वतः वर आल्या. आकडे तेच. मग म्हणाल्या, कालच्या बदलल्या असतील. कालच्या ट्यूब फ्रिजमध्ये होत्या, त्यांचाही ग्रुप करून दाखवला. बरोबरच निघाला. मेमो मात्र आला — निष्काळजीपणा!

चौथ्या दिवशी मावशी गेल्या. त्याच आठवड्यात सुगंधाचा व्हेंटिलेटर निघाला. मेमोचं कुठूनतरी कळलं आणि मावशींचा मुलगा काउंटरवर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, “माझ्या आयेचं रक्त तुमी भलत्याच्या नावावर टाकलंत.” अरे, उपचार दोघींना तेच चालू होते, रिपोर्टने माणूस मरतो का? मॅडम शेजारी उभ्या होत्या, सगळं माहीत असून फाइल उचलून आत निघून गेल्या. बावीस वर्षांत माझी एक चुकलेली ट्यूब दाखवा ना कुणीतरी.

आणि खरं सांगू? मावशींचाही राग येतो. घरचे होते, डॉक्टर होते, देव होते. माझ्याकडेच का मागितलं?

महिन्याभराने सुगंधा फॉलोअपला चालत आली, बरोबर दोघी मुली. काउंटरवर वाकून हळूच विचारलं, “माझी जाव शेवटाला तुमच्याशी बोलली म्हनं. काय बोलली?”

मी म्हटलं, काही नाही.

मेमोला मी लेखी उत्तर दिलंय की ट्यूब बदलल्या नाहीत. ते शंभर टक्के खरं आहे. मग नेमकं काय झालं, हे मला आजही सांगता येत नाही, मॅडमनाही नाही. फक्त एक गोष्ट त्या उत्तरात लिहिली नाही. वर मी ‘काहीतरी बोलून’ म्हटलंय ना… मला चांगलं आठवतंय काय बोलले ते. सुई लावता लावता, त्यांना बरं वाटावं म्हणून, मी म्हटलं होतं, “बरं मावशी, देते.”