आज्याची भरती

माझा आजा फौजेत भरती झाला, तेव्हा त्याला वारून चाळीसेक वर्षं झाली होती. भरती मीच केली.

चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळ आमच्या घरी बैठकीत त्याचा फोटो आहे. खाकी वर्दी, कमरेला तलवार, छातीवर बिल्ल्यांची रांग. हा कोणत्या लढाईतला, ते बाबांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. (विचारलं असतं तर पुढची सगळी फजिती टळली असती.)

माझ्या लेकीनं, पल्लवीनं, मुलगा स्वतःच पसंत केला होता. त्याच्या वडिलांचा होकार तेवढा बाकी होता. वडील ब्रह्मपुरीचे, निवृत्त सुभेदार. आल्या आल्या फोटोपुढे उभे राहिले.

"हे कोण?"

"आमचे आजोबा. फौजेत होते," मी म्हणालो. चहा घेऊन येणारी बायको दारातच थबकली.

"कोणती पलटण?"

"मोठी होती."

"रेकॉर्ड काढा भाऊ. साक्षगंधात सगळ्यांपुढं वाचून दाखवू." (साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.)

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "काऊन बोलले जी असं? तुमचा आजा फटाक्यालेही भ्यायचा म्हणून सासूबाई सांगत. पोरीचं लग्न मोडलं म्हणजे?"

आता माघार कशी घेणार? फोटो घेऊन चंद्रपूरला माजी सैनिकांच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी भरतीचा नंबर विचारला, पलटण विचारली, साल विचारलं. मी प्रत्येक वेळी फोटोच पुढे केला.

"भाऊ," ते म्हणाले, "फोटोवरून ताडोबातला वाघ ओळखता येते. शिपाई नाई."

इकडे गावात बातमी फुटली. सरपंचांनी बसस्टँडवर 'वीर जवान' म्हणून आज्याचं फ्लेक्स लावलं. खाली हात जोडलेला मी. (माझा फोटो थोडा मोठा आला.) सव्वीस जानेवारीला शाळेनं भाषणाला बोलावलं. आज्यानं एकट्यानं पूल अडवून धरला, असं मी सांगून टाकलं. कोणता पूल ते पोरांनी विचारलं नाही, मास्तरांनीही नाही. घरी आल्यावर पल्लवी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटचा आधार म्हणजे वडशाची आत्याबाई, आज्याची एकुलती एक लेक. तिनं चष्मा लावून फोटो पाहिला.

"आत्याबाई, ही कोणती लढाई?"

"लढाई कायची रे? हे मंडईचं नाटक."

धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. आजा त्यात कप्तान होता म्हणे. दुसऱ्या अंकात मरायचा.

"आणि हे बिल्ले?"

"सोड्याच्या बाटलीची बुचं. मीच ठोकून चपटी केली होती."

फोटो बगलेत मारून परत निघालो. घरी पोचलो तर बैठकीत सुभेदार बसलेले. पल्लवी दाराशी उभी, डोळे भरलेले. मी सुभेदारांपुढं हात जोडले.

"सोयरीक मोडू नका जी. आजा फौजेत नव्हता, मंडईच्या नाटकात होता. पोरीचा यात काही दोष नाई."

"बसा," सुभेदार शांतपणे म्हणाले. "बिल्ले उजव्या छातीवर आहेत, हे मी पहिल्याच दिवशी पाह्यलं. फौजेत डाव्या बाजूले लावते."

"मग बोलले काऊन नाई?"

"तुम्ही कुठवर जाता ते पाहून राह्यलो होतो. पूल अडवल्याचं ऐकलं तेव्हा वाटलं, आता तरी थांबतीन."

मी बगलेतला फोटो परत भिंतीवर टांगला. तेच पुढं म्हणाले, "सोयरीक पक्की. आमच्या घरात फौजी लय झाले. नट एकही नव्हता."

माझा जीव भांड्यात पडला. मी फोटोला हात जोडले आणि म्हणालो, "आज असते तर आजोबा लय खुश झाले असते."

"आजोबाचं नाई म्हणत जी," सुभेदार म्हणाले. "तुमचंच म्हणून राह्यलो."