आमच्या कुत्रीचा बघण्याचा कार्यक्रम

आमची कुत्री अस्सल लॅब्राडोर, पण बिनकागदाची. म्हसळ्याच्या ज्या मित्राने ती मला दिली, त्याच्या घराचं छप्पर वादळात उडालं आणि तिच्या आई-बापाची प्रमाणपत्रंही त्याबरोबर गेली. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. कुत्र्याला कागद काय चाटायचाय, असं मी लोकांना ऐकवायचो.

मग तिचं एक तरी पिल्लू घरात असावं असं फार वाटायला लागलं. श्रीवर्धनला एक देखणा नर होता. त्याचा मालक म्हणाला, "आधी कुत्र्यांच्या क्लबात नोंदणी, मग सोयरीक." राग आला, पण पडलो मुलीकडचे. मुकाट अर्ज केला. आई-बापाचे कागद नसले की क्लबचा परीक्षक स्वतः येऊन जात ठरवतो. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिचं वय होत आलंय, पुढच्या वर्षी पिल्लांचा विचार नको. म्हणजे संधी ही एकच.

परीक्षकांना आणायला मी सकाळी स्टँडवर गेलो. परत येऊन बघतो तर कुत्री ओटीवर नाकापासून शेपटीपर्यंत चकाकत बसलेली. बायकोने आमच्याच वाडीतल्या नारळाचं वाटीभर तेल तिच्या अंगात जिरवलं होतं. परीक्षकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि रुमालाला पुसला.

"हिचा केस बघायचा असतो हो. असा चिकटल्यावर मी काय लिहू?"

मी बायकोवर तडकलो.

"पोरीला बघायला मानसं येनार आन् तेल न्हाय लावायचं?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला माझीच लाज वाटली.

परीक्षक मात्र हसले. "दुपारपर्यंत आहे मी," म्हणाले. रिठे उकळून विहिरीवर कुत्रीला दोनदा न्हाऊ घातलं आणि खळ्यात वाळत घातलेल्या सुपारीशेजारी उन्हात बसवलं. तोवर बायको घावने घालत होती आणि परीक्षक नको नको म्हणत खात होते. जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा केसांत बोटं घातली, दात, पंजे, शेपूट बघितली.

"लॅब्राडोरच आहे," ते म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

प्रमाणपत्र आलं. आई अज्ञात, वडील अज्ञात.

"अज्ञात कशी?" बायको उसळली. "म्हसळ्याला तिच्या आयशीला मी माझ्या हातानं भात भरवलाय!"

कागदाला भात कळत नाही, म्हटलं.

सोयरीक झाली, पाच पिल्लं झाली. एक आम्ही ठेवलं. परवा त्याचा कागद आला. बायकोने चष्मा लावून ओटीवर मोठ्याने वाचला. आईकडच्या आजी-आजोबांच्या जागी नुसत्या रेघा होत्या. आईच्या रकान्यात मात्र आमच्या कुत्रीचं नाव होतं. ते तिने दोनदा वाचलं. आपलं नाव ऐकून कुत्री पिल्लाजवळून उठली आणि शेपटी हलवत तिच्यापुढे येऊन उभी राहिली.