विम्यातले हमाल

देवरीचा चैतराम बावीस वर्षं पिकअपनं धान वाहतो. लबाडीचा एक शब्द कुणी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मुलीच्या साक्षगंधाला छत्तीसगडहून आलेल्या व्याह्यांची गाडी बिघडली, तेव्हा हा भला माणूस म्हणाला, "बसा जी मागं, मी सोडून देतो."

गाडीचा विमा फक्त मालाचा आणि माल चढवणाऱ्या हमालांचा होता. पाहुणे त्यात बसत नव्हते. हे त्याला आठवलं ते सीमेवरच्या नाक्यावर, पोलिसानं कागद मागितले तेव्हा.

"पीछे कौन हैं?"

"हमाल हैं, साहब."

मी, त्याचा जुना मित्र, पुढं त्याच्या शेजारीच बसलो होतो. मीही तोंड उघडलं नाही. मागं व्याह्यांनी ते ऐकलं. चैतरामनंच मानानं दिलेला नवा दुपट्टा त्यांनी खांद्यावरून काढला आणि हमालासारखा डोक्याला गुंडाळला. पोलिसानं गाडी सोडली. 

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या पेट्या चैतराम एकटाच डोक्यावरून वाहत होता. कुणाला हात लावू देईना. व्याही जवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ठेवा जी खाली. हमाल तं आमी आहो ना."