सुगंधाबाईंची शिफारस

निवृत्त मुख्याध्यापक म्हणजे सही करायला बसवलेला माणूस, अशी आमच्या मेहरूणमधल्या लोकांची पक्की समजूत आहे. सकाळी तलावावर चार पावलं फिरून येतो न येतो तोच ओट्यावर कुणीतरी कागद घेऊन हजर. माझ्या शिफारसपत्राच्या तीन ओळी ठरलेल्या होत्या: 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, होतकरू. वर्तन उत्तम. उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.' फक्त नाव बदलायचं. एका होतकरूचं वय तर अठ्ठावन्न होतं.

गेल्या वर्षी सुगंधाबाई आल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, माझ्या जुन्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात त्यांनी चौदा वर्षं स्वयंपाक केला, तोही रोजंदारीवर. धुळ्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाला गृहमाता हवी होती. अर्जासोबत ओळखीच्या माणसाचं पत्र आणि अनुभवाचा पुरावा मागितला होता. वसतिगृह बंद पडल्यापासून बाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत होत्या. ही जागा हुकली असती तर उरलेलं आयुष्यही तिथंच जाणार होतं.

मी पाच मिनिटांत तीन ओळी लिहून दिल्या. बाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पहिलीच्या पोरींना जवळ घेऊन बसता बसता त्या स्वतःच वाचायला शिकल्या होत्या. वाचून झाल्यावर कागद माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "गुरुजी, हाई बाई कोण शे?"

"तुम्हीच."

"नही. ही बाई मी नही."

मला राग आला. बत्तीस वर्षं लोकांनी माझी पत्रं मुकाट्यानं नेली होती. मी म्हणालो, "बरं, अनुभवाचा पुरावा तरी आहे का?" त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चौकोनी घडी काढली. उलगडून पाहतो तर मीच दिलेली ताकीद! 'स्वयंपाकीण सुगंधा यांस: आपण बेजबाबदारपणे वागलात, पुन्हा असे घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल.' खाली माझी लफ्फेदार सही.

"अहो, हे जोडलं तर दारातूनच परत पाठवतील!"

"मन्हाजोडे दुसरा कागद नही शे. चौदा वरीस राबनू, पन शाळाना शिक्का अन् मन्हं नाव एकाच कागदवर शे."

रोजंदारीच्या बाईला नेमणुकीचा आदेश कोण देतो? चौदा वर्षांत शाळेनं तिचं नाव एकदाच लिहिलं, तेही रागावण्यासाठी. लिहिणारा मीच होतो.

प्रकरण असं होतं. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो. डोंगरातली माणसं ढोल घेऊन, चांदीचे दागिने घालून उतरतात. त्या वर्षी दहावीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी कुणालाही रजा दिली नाही आणि स्वतः तालुक्याला बैठकीला गेलो. इकडे दहावीच्या नऊ पोरींनी बाजारासाठी रुसून ताटं परत केली. सुगंधाबाईंना पोरीच्या ताटात उरलेल्या भाकरीवरून तिचा ताप कळायचा. नऊ उपाशी पोरी त्यांना बघवल्या नाहीत. परवा परत यायचं, या बोलीवर त्यांनी फाटक उघडलं.

आठ जणी परतल्या. नववी, ललिता, आली नाही. बाजारात स्थळाचं बोलणं झालं आणि तिच्या वडिलांनी, सिंगानं, तिला घरीच ठेवून घेतलं. सुगंधाबाई डोंगर चढून त्याच्या अंगणात जाऊन बसल्या. "मन्हा शब्दवर पोर भाईर पडनी. तिले लिधाबिगर मी उठाव नही." दोन दिवस त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, शेजारणीकडून मागून प्यायल्या. तिसऱ्या दिवशी सिंगानंच दोघींना मोटारसायकलवर आणून सोडलं. ललितानं परीक्षा दिली.

आणि मी? त्या दोन दिवसांत मला भाकऱ्या थापाव्या लागल्या, त्या करपल्या, हात भाजले, आणि त्या रागात मी ताकीद लिहिली. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मी पहिलं पत्र फाडलं. दुसरं लिहायला अख्खी सकाळ गेली. भाकरीवरून ताप ओळखणं लिहिलं, फाटक उघडलं तेही लिहिलं, सिंगाचं अंगण लिहिलं. एकही विशेषण सुचलं नाही आणि लागलंही नाही. बाईंनी ते बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "हां."

ताकीद आणि पत्र, दोन्ही अर्जाला जोडून गेली. आठ दिवस मला चैन नव्हतं. खरं लिहून आपण बाईंचं नुकसानच केलं, असं वाटत राहिलं. मग वसतिगृहाच्या संचालिका मोहिनीताईंचा फोन आला. "गुरुजी, ताकीदही तुमचीच, शिफारसही तुमचीच. खरं कोणतं धरू?"

"दोन्ही खरी. पण ताकीद चुकीच्या माणसाला दिली."

"मग कोणाला द्यायला हवी होती?"

"मला," मी म्हणालो.

मग त्या म्हणाल्या, "सोमवारी पाठवा त्यांना. आदेश तयार ठेवते. फाटकाचं मात्र आधी मला विचारायचं, एवढं सांगा."

मी लगेच सुगंधाबाईंना फोन लावला. काम मिळालं, सोमवारी जायचं, फाटकाचं असं असं, सगळं एका दमात सांगितलं.

"ऐकताय ना? नेमणुकीचा आदेश मिळणार आहे तुम्हाला, लेखी."

"त्यावर पुरं नाव राही का, गुरुजी?"

"पुरं," मी म्हणालो. "सुगंधाबाई सुकलाल पावरा."